विमानाच्या नाकावरचा शेंदूर

मी विमानांची नाकं दुरुस्त करते. असं सांगितलं की माणसं आधी हसतात आणि मग माझ्या तोंडाकडे बघतात, बाई चेष्टा तर करत नाही ना. चेष्टा नाही. विमानाचं अगदी पुढचं गुळगुळीत टोक बाकीच्या विमानासारखं धातूचं नसतं. त्याच्या आत हवामान दाखवणारं रडार बसवलेलं असतं आणि धातूतून त्याच्या लहरी पलीकडे जात नाहीत. म्हणून ते टोक काचेच्या धाग्यांचं कापड आणि रेझिन यांचं करतात. बाहेरून आणि आतून पातळ थर, मध्ये मधाच्या पोळ्यासारखी हलकी जाळी. त्याला रेडोम म्हणतात. पक्षी धडकला, गारा बसल्या, बारीक चिरेतून पाणी आत जिरलं की ते विमानावरून उतरवतात, आणि त्यातली काही नाकं रायपूरला, विमानतळापासून जवळच असलेल्या आमच्या शेडमध्ये येतात.

आम्ही पुरानी बस्तीत राहतो. भोसल्यांच्या काळात इकडे आलेल्या घरांपैकी आमचं एक, असं सासूबाई पाहुण्यांना सांगतात. पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, माझ्या कामाची भरपूर टर उडवून झाली आहे. "सूनबाई, आमच्या ह्यांचं नाक जरा लांब आहे, घासून देता का?" असं मला हळदीकुंकवात विचारलेलं आहे, आणि विचारणारीचे 'हे' तिथेच दाराबाहेर चपला घालत उभे होते. सासूबाईंना या चेष्टेचा संताप येतो. घरची सून अंगाला खाज सुटेल अशी भुकटी कपड्यांवर घेऊन येते, बांगड्या घालत नाही, केसांना तेल लावत नाही, आणि वर लोक हसतात, हे त्यांचं गाऱ्हाणं. मला या चेष्टेची लाज कधी वाटली नाही. लाज वाटायला पुढे दुसरं कारण मिळालं, आणि ते मी माझ्याच हातानं केलं.

तेलाचं आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आमच्या कामात तेल म्हणजे वैरी. नाकाचा खराब झालेला भाग कापून काढायचा, त्याच्या कडेचे थर एकेक करून घासत पायऱ्या पाडायच्या, मग ती जागा सॉल्व्हंटनं पुसायची. त्या पुसलेल्या जागेवर नवं कापड बसतं. तिथे उघडं बोट नुसतं टेकलं तरी बोटाचा तेलकटपणा लागतो, आणि तेलकट जागेवर रेझिन धरत नाही. आज ते दिसत नाही. वर गेल्यावर, थंडीत आणि वाऱ्याच्या माऱ्यात तो थर सुटतो. म्हणून हातमोजे, डोक्याला टोपी, हाताला क्रीम नाही, केसांना तेल नाही. मी सुटीच्या आदल्या संध्याकाळी डोक्याला तेल लावते आणि सुटीच्या दिवशी धुऊन टाकते. "तेल जिरू तरी दे न बापा डोक्यात," सासूबाई म्हणतात. "तुह्या विमानापायी टक्कल पडन एक दिवस."

मामाजी त्यावर हसतात. मामाजी म्हणजे माझे सासरे. सरकारी शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. लग्नाआधी मी प्लास्टिकचा डिप्लोमा केला होता आणि तो कपाटात साड्यांखाली पडून होता. शेडमध्ये माणसं हवीत असं कळलं तेव्हा घरात नवऱ्यासकट कोणालाच ते पटत नव्हतं. मामाजी एकटे बोलले, आणि सासूबाईंना ऐकू जाईल असे बोलले. "डिप्लोमा का लोणच्यात घालून ठेवाचा आहे? जाऊ दे तिले." त्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. मी गेले.

तेव्हापासून आमचा एक रिवाज पडला. मी संध्याकाळी घरी आले, हातपाय धुतले, चहा घेऊन ओसरीवर आले की ते विचारायचे, "आज नाकाचं काय म्हणणं?" मग मी सांगायची. कुठून आलं, कशानं फुटलं, आत पाणी किती. नाण्यानं वाजवून बघायची आमची पद्धत त्यांना फार आवडली होती. नाकावर नाणं हलके हलके वाजवत जायचं. जिथे थर घट्ट आहेत तिथे टणटणीत आवाज येतो, जिथे आतून सुटलेत तिथे बद्द. हे कळल्यावर मामाजींनी घरभर नाणं वाजवलं. टरबूज, माठ, दारं, खांब. देवघराच्या भिंतीचा गिलावा बद्द वाजतो असं त्यांनी सांगितलं. सासूबाईंनी मनावर घेतलं नाही, आणि पावसाळ्यात तो गिलावा देवांवर पडला. त्यानंतर आमच्या दोघांत 'बद्द' हा शब्द कशालाही चालायचा. पाहुणा उगाच गोड बोलून गेला की मामाजी मला हळूच म्हणायचे, "बद्द."

सासरा आणि सून यांनी असं रोज बसून बोलणं आमच्याकडे फारसं होत नाही. माझ्या माहेरी तर आई तिच्या सासऱ्यांसमोर उभीच राहायची. मी त्यांच्यासमोर खुर्चीवर बसून, कप हातात घेऊन, ग्लास फायबरवर भाषण देत असे. हे सुख मला लग्नात कोणी कबूल केलेलं नव्हतं, आणि ते किती मोठं आहे हे ते बंद पडेपर्यंत मला कळलं नाही.

आता स्वस्तिकाचं. पाऱ्यात नवी गाडी आली, शिलाई मशीन आलं, दुकानाला नवं शटर लागलं की पहिलं स्वस्तिक मामाजींच्या हातचं. शेंदूर तुपात कालवून वाटीत घ्यायचा, अनामिका बुडवायची आणि एका दमात रेघ ओढायची. उभी, आडवी, चार पाय, मधले चार ठिपके. फूटपट्टी ठेवली तरी एवढं सरळ येणार नाही. दसऱ्याच्या सकाळी तर गल्लीत गाड्यांची रांग लागायची आणि मामाजी धोतर सावरत एकेक करत पुढे जायचे. चारचाकीवाला असो की हातगाडीवाला, रेघ तीच. याचा त्यांना अभिमान होता आणि तो ते लपवत नसत.

मग त्यांना काचबिंदू झाला. निघाला तोवर बराच उशीर झाला होता. काचबिंदूत मधलं दिसत राहतं आणि बाजूचं जातं. त्यांच्या समोरचा पेपर त्यांना वाचता यायचा, पण शेजारून कोणी आलं की दचकायचे. पायाखालची पायरी दिसायची नाही. आम्ही हात द्यायला गेलो की झटकायचे. "मी काय म्हातारा झालो का?" म्हणायचे, आणि भिंत धरून उतरायचे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की गेलेली नजर येणार नाही, आहे ती टिकवायची. त्याच आठवड्यात मामाजी मला म्हणाले, "डोळे आहेत तोवर एकदा तुहं नाक पाहून घेतो न बेटा. मले घेऊन चल."

शेडमध्ये बाहेरच्यांना येऊ देत नाहीत. विश्वकर्मा पूजेला मात्र घरच्यांना बोलावतात. त्या दिवशी सगळी मशीनं धुऊनपुसून ठेवतात, दाराजवळच्या टेबलावर अवजारं मांडतात, पंडितजी येतात, बुंदी आणि पुरीभाजी असते. मी मामाजींना स्कूटरवर मागे बसवून नेलं. ते इस्त्रीचा पांढरा कुर्ता घालून आले होते. वाटेत त्यांनी मला तीनतीनदा विचारलं की आपण काही हातात न्यायला पाहिजे होतं का, नारळ वगैरे.

त्या दिवशी हॉलच्या मधोमध स्टँडवर एक नाक होतं. आत पाणी गेलेलं. पाणी धरलेली जाळी आम्ही कापून काढली होती, पायऱ्या घासून झाल्या होत्या, पुसून झालं होतं, आणि पूजा संपली की पहिला थर चढवायचा होता. त्यावर स्वच्छ प्लास्टिकची पन्नी घातलेली होती आणि स्टँडभोवती जमिनीवर पिवळी पट्टी होती. पट्टीच्या आत कोणी जायचं नाही, हे आम्हाला सवयीनं पाठ. घरची मंडळी फोटो काढायला लागली तेव्हा आमच्या इन्चार्जनी हौसेनं पन्नी काढायला लावली. भिलाईकडचे आहेत, कडक माणूस, पण त्या दिवशी त्यांचीही म्हातारी आई आली होती. फोटो झाले. पन्नी परत घालायची राहिली.

मी मामाजींना सगळं दाखवलं. कापलेली जागा, आतली जाळी, पायऱ्या. ते वाकून वाकून, मान इकडेतिकडे फिरवत बघत होते, कारण त्यांना एका वेळी थोडंच दिसायचं. "किती हलकं काम आहे न," ते म्हणाले. "विमान म्हटल्यावर मले वाटलं लोखंडी असन." मग मला बुंदीची पाकिटं वाटायला बोलावलं आणि मी त्यांना एका खुर्चीवर बसवून गेले. बसा म्हटलं. हात लावू नका असं म्हटलं नाही. ज्यांना मी वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी तेलाचं सांगत आले त्यांना ते परत काय सांगायचं, असं मला वाटलं असावं. खरं म्हणजे मला काहीच वाटलं नाही. पाहुण्यांत मिरवायची घाई होती.

पाकिटं वाटता वाटता मी मागे बघितलं तर मामाजी पिवळ्या पट्टीच्या आत उभे होते. जमिनीवरची पट्टी त्यांना दिसणारच नव्हती. अवजारांच्या टेबलावरची शेंदुराची वाटी त्यांच्या डाव्या हातात होती. पंडितजींनी ड्रिलवर, कंप्रेसरवर, सगळ्यांवर स्वस्तिकं काढली होती आणि नाक तेवढं कोरं राहिलं होतं. मामाजींच्या दृष्टीनं ही चूकच. नव्या कामाला स्वस्तिक नाही, आणि तेही स्वतःच्या सुनेच्या. कापलेल्या भागाच्या जरा वरच्या अंगाला त्यांनी उभी रेघ ओढली होती. सरळ, सुंदर रेघ होती, हे मला त्या क्षणीसुद्धा दिसलं. बोट परत वाटीत बुडवून ते आडवी रेघ ओढायला निघाले होते.

मी धावले आणि त्यांचं मनगट धरलं. नुसतं धरलं नाही, पकडलं, शिकाऊ पोरांचं पकडते तसं, आणि ओरडले, "हाथ हटा! हटा उधर से!"

हे लिहितानाही कान गरम होतात. घरात मी त्यांच्याशी मराठीच बोलते, आणि अहोजाहो केल्याशिवाय एक शब्द नाही. इतक्या वर्षांत मी आपणहून त्यांना हात लावला असेल तर फक्त पायांना, नमस्कारापुरता. आणि त्या दिवशी भरल्या हॉलमध्ये, सगळ्यांच्या बायकामुलांसमोर, मी त्यांना कारखान्यातल्या भाषेत अरेतुरे केलं आणि हात पिरगाळल्यासारखा मागे ओढला. त्यांना बाजूचं दिसत नव्हतं. कोणी धरलं हेही त्यांना आधी कळलं नसेल. ते दचकले, आणि डाव्या हातातली वाटी उपडी झाली.

शेंदूर आणि तूप सरळ कापलेल्या जागेत गेलं. उघड्या जाळीच्या घरांत शिरलं, पायऱ्यांवरून ओघळलं. मामाजींनी खिशातून रुमाल काढला आणि पुसायला वाकले. मी परत म्हटलं, "नको, नको, हात नका लावू," या वेळी मराठीत. ते थांबले. रुमाल हातात धरून तसेच उभे राहिले. "काय झालं?" त्यांनी विचारलं. "मले सांगून तर दे न, काय झालं?"

इन्चार्ज आले. मला वाटलं आता झाडतील, आणि झाडलं असतं तर बरं झालं असतं. ते मामाजींना म्हणाले, "गलती हमारी है बाबूजी, पन्नी हमने हटवाई थी," आणि त्यांना धरून बाहेर खुर्चीवर नेऊन बसवलं, चहा दिला. मग माझ्याकडे येऊन हळू आवाजात म्हणाले, "लकीर तो हम घिस के साफ कर लेते, मैडम. कटोरी नहीं गिरनी थी." एवढंच. म्हणजे मामाजींनी केलं ते निस्तरण्यासारखं होतं. माझ्या धरण्यानं जे झालं त्यासाठी जाळी आणखी कापावी लागणार होती, पायऱ्या परत पाडाव्या लागणार होत्या, आणि ज्यांची सुटी होती त्यांनाही थांबावं लागणार होतं. एक जण पुरीची ताटं उचलता उचलता म्हणाला, "हो जाता है, दीदी." मला जमिनीनं पोटात घेतलं तर बरं असं झालं.

परत येताना मामाजी माझ्या मागे बसले. जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, कारण वळणावर त्यांना भीती वाटते. येताना त्यांनी मागची दांडी धरली. पचपेढी नाक्याच्या सिग्नलला मी म्हटलं, "मामाजी, नीट धरलंय ना?" "हव," ते म्हणाले. मी आरशात बघितलं. त्यांच्या मनगटावर, पांढऱ्या बाहीवर, माझी बोटं शेंदरात उमटली होती. माझ्या हातात मोजे नव्हते. त्यांच्या बोटावरचा शेंदूर मला लागला असावा आणि माझा त्यांना.

घरी सासूबाईंनी विचारलं, "हे काय लाल?" मामाजी म्हणाले, "शेंदूर सांडला," आणि कुर्ता स्वतःच धुवायला बसले. मी मोरीच्या दारात उभी राहिले. मला म्हणायचं होतं की द्या, मी धुते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी चहा घेऊन ओसरीवर गेले. त्यांनी कप घेतला, फुंकर घातली, प्यायले, आणि विचारलं, "साखर संपली का घरातली? जरा कमी आहे." नाकाचं काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी आपली बसून राहायची, कप रिकामा झाला की उठायची. एकदा मी स्वतःच सुरू केलं, की आम्ही जाळी कशी परत कापली, कशी बसवली. ते ऐकत होते. "बरं," म्हणाले. "बरं केलं." आमच्या शेडच्या हिशेबात ते टणटणीत उत्तर होतं. मला ते बद्द वाजलं.

मग एकदा मी धीर केला. पाया पडले आणि म्हटलं, "मामाजी, त्या दिवशी मी फार वाईट वागले. सगळ्यांसमोर. मला माफ करा." ते माझ्याकडे नीट बघायला मान वळवत राहिले, मी त्यांच्या नजरेच्या त्या अरुंद जागेत सापडेपर्यंत. "तू तुहं काम केलं," ते म्हणाले. "मीच नको तिथं हात घातला. सोड ते." यात राग नव्हता. राग असता तर मला भांडता आलं असतं. मी भांडखोर आहे, घरात सगळ्यांना माहीत आहे. पण जो माणूस स्वतःच मागे सरकला त्याच्याशी कसं भांडायचं? मी स्वयंपाकघरात जाऊन कणीक तिंबली, गरजेपेक्षा जास्त, आणि सासूबाईंवर उगाच खेकसले.

ते नाक दुरुस्त झालं. आम्ही ते वाजवलं, टणटणीत वाजलं. ओल तपासली, कणभर नव्हती. लहरी आरपार जातात की नाही याची तपासणी झाली, त्यातही पास झालं. रंग चढला, तोही पातळ, कारण रंग जाड झाला तरी रडारला आडवा येतो. ते खोक्यात घालून गेलं तेव्हा मी घरी येऊन सांगितलं, "मामाजी, ते नाक गेलं आज. एकदम ठीक निघालं." "चांगलं झालं," ते म्हणाले, आणि रेडिओ लावला.

दसऱ्याला मला कळलं की मी नक्की काय मोडलं आहे. सकाळी गल्लीत गाड्या धुऊन, झेंडूच्या माळा घालून उभ्या राहिल्या. पाऱ्यातले लोक दारात येऊन हाका मारू लागले. मामाजी आतून म्हणाले, "आता माहा हात चालत नाही. तुम्ही तुम्ही करून घ्या." लोकांना वाटलं डोळ्यांमुळे. सासूबाईंनाही तसंच वाटलं, त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मला माहीत होतं की मधलं त्यांना अजून दिसतं, स्वस्तिकापुरतं तरी पुरेसं दिसतं. हात डोळ्यांनी थांबवला नव्हता. लोकांनी आपापल्या बोटांनी वाकडीतिकडी स्वस्तिकं काढली. आमच्या स्कूटरवर सासूबाईंनी काढलं. मामाजी सोनं वाटायच्या वेळेपर्यंत आतल्या खोलीत दार लोटून बसून होते, आणि मी बाहेर लोकांना श्रीखंडाच्या वाट्या देत हसत होते. एवढी लाज मला शेडमध्येसुद्धा वाटली नव्हती. तिथे मी एका हाताला थांबवलं होतं. इथे अख्खा पारा त्या हातावाचून उभा होता.

दिवाळीच्या आधी गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या बाईनं ई-रिक्षा घेतली. पाऱ्यात स्वतः रिक्षा चालवणारी ती पहिलीच. ती रिक्षा आमच्या दारात आणून उभी केली आणि शेंदुराची वाटी घेऊन पायरीवर बसली. "बाबूजी, मोर गाड़ी म सथिया तुंहरे हाथ ले बनही," म्हणाली. सथिया म्हणजे स्वस्तिक, आणि ते तिला मामाजींच्याच हातचं हवं होतं. मामाजींनी तेच उत्तर दिलं, हात चालत नाही. ती उठली नाही. गिऱ्हाइकं वाट बघतायत, पण ती सथियाशिवाय रिक्षा काढणार नाही, आणि दुसऱ्या कोणाच्या हातचा तिला नको. तोवर शेजारपाजारचे जमले. कोणी म्हणालं काढून द्या बाबूजी, कोणी म्हणालं त्यांना त्रास नका देऊ. मी कामावर निघाले होते, डोक्याला रुमाल बांधून दारात अडकले.

मामाजी भिंत धरून बाहेर आले. रिक्षाच्या पुढच्या काचेखाली जी जागा होती तिच्यावर त्यांनी डावा हात फिरवला, मधोमध कुठे ते चाचपलं. या महिना-दीड महिन्यात नजर आणखी गेली होती, ते आम्हाला तेव्हा दिसलं. बोट वाटीत बुडवलं, वर नेलं, आणि ते थांबले. बोट हवेत हलत होतं. तुपाचा एक थेंब पायरीवर पडला.

"सूनबाई," ते म्हणाले. "इकडे ये. हात धर माहा."

मी पर्स ठेवली आणि गेले. गल्लीभर लोक बघत होते. मी त्यांच्या मनगटाला दोन बोटं लावली, जेमतेम.

"असा नाही," ते म्हणाले. "त्या दिवशी धरला होता तसा धर."

सासूबाई मागून म्हणाल्या, "कोणत्या दिवशी?"

"हिच्या कारखान्यात. मी नको तिथं शेंदूर लावून राहिलो होतो, तं हिनं माहा हात धरला." ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होते, ज्या आवाजात त्यांनी एकदा लोणच्याचं सांगितलं होतं. "सगळ्यांसमोर धरला. पक्का. बाकीचे मले असे धरतात जसा मी फुटून जाईन."

माझा चेहरा पेटला. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या, शेजारणी बघत होत्या, हळदीकुंकवातली ती नाकवालीही होती. मान वर करायची सोय नव्हती. मी त्यांचं मनगट धरलं. पूर्ण पंजानं, घट्ट. आतल्या हाडापर्यंत माझी पकड पोचली आणि त्यांचा हात हलायचा थांबला.

त्यांनी उभी रेघ ओढली, मग आडवी. मी नुसती धरून होते, रेघ त्यांचीच होती. पाय काढताना बोट एका बाजूला सरकलं, मला ते कळत होतं आणि मी सावरलं नाही, कारण ते माझं काम नव्हतं. शेवटी चार ठिपके. त्यातला एक रेघेवरच पडला. रिक्षावाल्या बाईनं हात जोडले.

"कसं आलं?" मामाजींनी मला विचारलं. "खरं सांग."

त्यांच्या हातचं वाकडं स्वस्तिक पाऱ्यानं कधी पाहिलं नव्हतं. मला खोटं बोलायचं होतं. गल्लीतल्या प्रत्येकाला मी खोटं बोलावं असं वाटत होतं.

"उजवीकडे कललंय, मामाजी," मी म्हटलं. "आणि एक ठिपका चुकलाय."

"म्हणजे बद्द."

"बद्द."

ते हसले. किती दिवसांनी हसले. सासूबाईंना काही कळलं नाही, त्या मला म्हणाल्या, "अवं, असं सांगतात का कोणी?" मामाजी अजून हसतच होते, आणि हसता हसता त्यांनी हात थोडा ओढून पाहिला.

"झालं न आता," ते म्हणाले. "सोड न मग. काहून धरून राहिली?"

मला सोडवेना.